गंगावनातले महिने

आईचं गंगावन आम्ही पुण्याला नेऊन जाळलं, ते भांडण टाळण्यासाठी.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ अभय, ज्याला मी दादा म्हणते. आम्ही तसे भांडणारे नाही. आमच्या घरात भांडण म्हणजे फोनवर ‘बरं, ठेवतो’ हे नेहमीपेक्षा जरा लवकर म्हणणं. पण आई कुणाकडे राहणार हा विषय निघाला, की ते ‘बरं, ठेवतो’ फारच लवकर यायला लागलं होतं.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाण्याची पातळी मोजायचे. त्यामुळे आमचं बिऱ्हाड कायम कुठल्या ना कुठल्या धरणाच्या पायथ्याशी. आधी कोयना, तिथे दादा झाला. मग उजनी, तिथे मी झाले. शेवटी जायकवाडी. तिथे अण्णांनी पैठणला घर बांधलं आणि बदल्या संपल्या. दादा कोयनेहून निघाला तेव्हा बालवाडीतसुद्धा गेलेला नव्हता, पण बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यानं घर घेतलं ते कोयनानगरलाच. मी पैठणचं घर सोडलं नाही. लग्नही केलं नाही. करणार नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं.

अण्णा गेल्यावर आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग आम्ही. तीन वर्षं ती माझ्याकडे होती. दादाचं म्हणणं, आई खरी सुखात होती ती कोयनेला, तिला तिथे ने, बघ कशी फुलेल. माझं म्हणणं, आईचं सगळं सुख पैठणला. आता मागे वळून बघताना हसू येतं. जिथे जो लहान होता, तिथे त्याच्या मते आई सुखात होती.

आईला विचारून उपयोग नव्हता. संध्याकाळचे पाच वाजले की ती पैठणच्या घराच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. हर्षू अजून शाळेतून आली नाही, म्हणायची. हर्षू म्हणजे मी. मी जवळ जाऊन सांगायचे, आई, मीच हर्षदा. ती माझ्याकडे आदबीनं बघायची आणि म्हणायची, तुम्ही मोठ्या आहात हो बाई, माझी लहान आहे. एकदा मी जुनी पिशवी खांद्याला लावून मागच्या दारानं बाहेर पडले आणि रस्त्यानं चालत फाटकातून आत आले. बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतायत, खांद्याला दप्तर. आईनं मला वाट द्यायला म्हणून फाटक जरा उघडलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हा केशवाचन नुकतंच सर्वांसाठी खुलं झालं होतं. दादानं सुचवलं, आईनंच ठरवू दे. तोंडानं नाही सांगता येत, केसांनी सांगेल.

त्यातलं विज्ञान मला समजलं तेवढं सांगते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि त्या महिन्यात रक्तात जे असेल ते थोडं थोडं सोबत घेऊन बाहेर पडतो. एकदा बाहेर पडला की त्यात बदल नाही. त्यात प्यायलेलं पाणी असतं. समुद्राकडून आलेला ढग जड पाणी आधी टाकतो, आत जाईल तसं हलकं उरतं. आणि उथळ धरणात उन्हानं तापत पडलेल्या पाण्यातलं हलकं आधी उडून जातं, जड मागे राहतं. म्हणून कोयनेचं पाणी आणि जायकवाडीचं पाणी आपल्या जिभेला कळलं नाही तरी केसाला कळतं. शिवाय त्यात मनाचीही खूण असते. ताण आला की शरीर काय सोडतं आणि ते केसात कसं उतरतं, हे जुनंच ज्ञान. नवं काय, तर शरीर जेव्हा कशालाच घाबरलेलं नसतं, तेव्हाही ते काहीतरी बनवतं, आणि त्याचाही माग केसात सापडला. त्याचं मोठं नाव आहे. सगळे ‘निवांतांक’ म्हणतात. शून्य ते शंभर.

आणि आईकडे गंगावन होतं, वेणीत घालायचा केसांचा झुपका. विकतचं नव्हे. लग्न झाल्यापासून विंचरताना निघालेलं गुंतवळ तिनं कधी टाकलं नाही. बोटाभोवती गुंडाळून डब्यात ठेवायची, आणि डबा भरला की गंगावनं करणाऱ्या बाईला देऊन तेच केस जुन्यात ओवून घ्यायची. काळे, मग तांबूस, मग पांढरे, असं सगळं आयुष्य त्या एका झुपक्यात मिसळून गेलेलं. मिसळलेलं असलं तरी अडत नव्हतं. झाडांची वर्षवलयं जुळवतात तसे एका केसाचे महिने दुसऱ्यावर बसवत यंत्र सगळा काळ ओळीनं लावायचं. अट एकच होती. वाचण्यासाठी केस जाळावा लागायचा. किरणाचा एक टाचणीएवढा ठिपका केसावरून सरकतो, मागे धूरही राहत नाही.

पुण्याच्या वाचन केंद्रातल्या मुलीनं सही घेताना विचारलं होतं, थोडे केस आठवण म्हणून बाजूला ठेवू का. दादा म्हणाला, नको, अर्धवट उत्तर नको. मीही मान हलवली.

अहवाल दादाच्या फोनवर आला. तीन रकान्यांचा तक्ता. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात पाण्यावरून कळलेलं ठिकाण, तिसऱ्यात निवांतांक. दादानं तो संध्याकाळी मला पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. मी उघडला. वरती कोयना: चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, एक्क्याण्णव. मधे उजनी: सत्तरी, साठी. आणि खाली, पानामागून पानं, पैठण: चाळीस, तीस, बावीस. शेवटच्या ओळीत अकरा.

मी तो तक्ता पुन्हा उघडला नाही. अकरा हा आकडा परत बघायला माणूस कशाला जाईल.

त्या आकड्यांनी माझ्याकडून आईशिवाय आणखीही काही गोष्टी काढून घेतल्या. पैठणच्या घरातली माझी शाळा, गच्चीवरची वाळवणं, आई मला शिकवताना म्हणायची ते पाढे, या सगळ्यांखाली आता बावीस, अकरा असं काहीतरी लिहिलेलं होतं. आई हसतेय असं आठवलं की वाटायचं, ही नुसतं आपल्याला बरं वाटावं म्हणून हसत होती वाटतं.

दिवाळी झाली आणि दादा आईला घेऊन गेला. कुणीतरी सोडतंय तर बसावं, अशी ती गाडीत बसली. मला हात केला. अच्छा हं, म्हणाली, बरं वाटलं तुमच्याकडे.

घर रिकामं झालं की माणसं देवाचं करतात किंवा भरतकाम. मी पक्षी मोजायला लागले. जायकवाडीच्या पाण्यावर आता निम्म्या भागात तरंगते सौर पत्रे आहेत. त्यामुळे हिवाळ्यातले पाहुणे पक्षी कुठे सरकले याची नोंद आमच्या गावातली काही हौशी मंडळी ठेवतात. मोजणारे पुष्कळ होते, आकड्यांची आकडेमोड करणारं कुणी नव्हतं. मग मी घरबसल्या संख्याशास्त्राची ती संगणकाची भाषा शिकायला घेतली. कुठलीतरी तरुण मुलगी फुकट धडे घ्यायची, तिचं बोलणं थांबवून थांबवून ऐकायचं आणि तसं टंकायचं. चुका केल्या की ते यंत्र लाल अक्षरांत रागावायचं. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंही बरं वाटायचं.

जानेवारीतली मोजणी मी लावली आणि दुसऱ्या दिवशी मंडळींच्या गटावर हसाहशी झाली. माझ्या तक्त्याप्रमाणे पैठणमध्ये बारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले होते आणि पंच्याऐंशी टिटव्या. एकानं विचारलं, हर्षदाताई, टिटव्यांचं संमेलन होतं का.

चूक शोधायला मी तो धडा पुन्हा लावला. समजा, तीन पक्ष्यांचे आकडे आहेत: रोहित तीनशे चाळीस, टिटवी बारा, चक्रवाक पंच्याऐंशी. यंत्राला तुम्ही ‘सॉर्ट’ म्हणालात, तर ते आकडेच उचलून लहानमोठे लावून देतं: बारा, पंच्याऐंशी, तीनशे चाळीस. छान दिसतं. पण कुठला आकडा कुणाचा, हे त्यानं वाटेत टाकून दिलेलं असतं. पक्ष्यांची नावं शेजारच्या रकान्यात होती तशीच उभी, आणि रोहितच्या शेजारी टिटवीचा आकडा येऊन बसलेला. त्याऐवजी ‘ऑर्डर’ म्हणालात, तर ते आकडे देतच नाही. ते जागा देतं: दोन, तीन, एक. म्हणजे आधी दुसऱ्या जागेवरचा घ्या, मग तिसऱ्या, मग पहिल्या. त्या जागा धरून आकडेही हलवा आणि नावंही हलवा, मग कुणाचं काही कुणाकडे जात नाही.

शाळेत कवायतीच्या सरांनी उंचीप्रमाणे उभं करायचं म्हटलं, तर ते मुलांना हजेरीच्या क्रमांकानं पुकारतात. नुसत्या उंच्या पुकारल्या, तर मैदानावर कोण येणार?

हे मी स्वतःलाच मोठ्यानं समजावून सांगत होते आणि सांगता सांगता थांबले.

दादाचा तक्ता उघडला. या खेपेला मी अकरा बघितला नाही, कोयनाही बघितली नाही. नुसता तिसरा रकाना वरून खाली वाचत गेले. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, एक्क्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद. खाली, आणखी खाली. पंचावन्न-साठ वर्षांचे महिने, आणि त्यात आकडा एकदासुद्धा वर चढलेला नव्हता. अण्णांच्या आजारपणात खड्डा नाही, माझ्या बारशाला उंचवटा नाही. कुणाचंही आयुष्य इतकं सरळ उतरत नाही. माझंसुद्धा नाही.

मी दादाला फोन लावला. तो रकाना तू हलवलास का, विचारलं.

“कुठला?”

“निवांतांकाचा.”

“अगं, नुसता मोठ्याकडून लहानाकडे लावला. मोठा आकडा पटकन दिसावा म्हणून. ते विचारत होतं, शेजारचे रकानेही हलवू का. म्हटलं, त्यांना कशाला त्रास, ते नीट आहेत.”

माझा भाऊ तो हाच. सगळी नोकरी त्यानं शेजारच्या टेबलाला त्रास न देता केली. तक्ता काळाप्रमाणे लावलेला होता, वरती कोयना, खाली पैठण. मोठे आकडे वर चढले ते कोयनेच्या शेजारी जाऊन बसले, आणि उरलेसुरले सगळे माझ्या वाट्याला आले.

हलवलेला तक्ता त्यानं मूळ तक्त्यावरच साठवला होता, त्यामुळे मूळ उरला नव्हता. केंद्राला नियमाप्रमाणे तीन महिन्यांनी नोंदी पुसाव्या लागायच्या. त्या पुसून झाल्या होत्या. आणि गंगावन जाळलं होतं, तेही सगळंच्या सगळं.

मी कितीतरी वेळ त्या रकान्याशी झटत बसले. लावलेल्या आकड्यांवरून जागा परत काढता येत नाहीत, हे धड्यात सांगितलं होतंच. मला ते स्वतः करून बघायचं होतं. आकडा एकही हरवलेला नव्हता, हेच त्यातलं वाईट. आईच्या आयुष्यातला एक महिना चौऱ्याण्णव इतका निवांत होता, हे पक्कं होतं. त्या महिन्यात ती कुठे होती, कुणाचं करत होती, शेजारी कोण झोपलं होतं, हे जगात आता कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचाच फोन आला. आवाज बसलेला. रात्रभर विचार केला म्हणाला.

“म्हणजे मी तिला खोट्यानं आणली. तू ये आणि घेऊन जा, हर्षू. मी काही म्हणणार नाही.”

मी खोली झाडून घेतली, आईची गादी उन्हात टाकली, आणि एसटीत बसले. एसटीला आता चालक नसतो, पण कंडक्टर आहे. सुट्ट्यांवरून कुणीतरी बोलायला हवं, म्हणून ठेवला असावा. कराडपासून पुढे डोंगर जवळ येत गेले. मला कोयना माहीत नव्हती. माझ्या आधीचं गाव.

दादा फाटकाशी उभा होता. मृणालवहिनीनं हात धुवायला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, यांनी दोन दिवस धड खाल्लं नाहीये, तुम्ही आधी जेवा म्हणजे ते जेवतील. आई पडवीत होती. मला बघून ती पदर सावरून उठली, बसा म्हणाली, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मांडीवर फणी, शेजारी कॉफीचा एक डबा.

वहिनी म्हणाली, गुंतवळ टाकूच देत नाहीत, रोजचं डब्यात. मी डबा उघडून बघितला. पांढऱ्या केसांची छोटी छोटी वेटोळी. एक केस सोडवून उजेडात धरला. हातभरापेक्षा थोडा कमी. आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. एवढा लांब केस म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. टोकाकडे पैठण, माझं घर. मुळाकडे कोयना, दिवाळीनंतरचे महिने. दोन्ही घरं एकाच केसात, आणि या रकान्याला कुणी लहानमोठा लावू शकत नव्हतं. केस स्वतःच क्रम असतो.

दादाला सांगितलं तर तो नको म्हणाला. “घेऊन जा म्हटलंय ना तुला. आता कशाला ते.”

त्याचं बरोबर होतं. आई मला मिळालीच होती. पण मला नुसती आई नको होती. आईला माझ्याकडे बरं वाटत होतं, असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते बावीस आणि अकरा माझ्या घरातून कुणीतरी पुसायला हवे होते. मी हट्टच धरला.

यंत्रं आता कराडपर्यंत आली होती. सकाळी आम्ही दोघं कागदाच्या पुडीत दोन-तीन केस घेऊन गेलो. बाहेर बाकावर दादानं मला विचारलं, चहा घेतेस का, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, चहा घेतेस का. शाळेच्या निकालाच्या दिवशीही तो असाच करायचा.

तिथल्या मुलीनं तक्ता दिलाच नाही. आम्हीच तसं सांगितलं होतं. तिनं पडद्यावर नुसती रेघ दाखवली, केसासारखीच आडवी, टोकापासून मुळापर्यंत. टोकाला पैठणचं पाणी. तिथे आकडा अडतीस. मग एकेचाळीस, छत्तीस, चाळीस. अडीच वर्षं रेघ तशीच चालली होती, खाली पडत नव्हती, पण सारखी थरथरत होती, दारावर कुणीतरी उभं असल्यासारखी. मग दिवाळीशी एक गचका. आणि त्यापुढे, कोयनेच्या पाण्यात, रेघ चढायला लागली. बावन्न, एकोणसाठ. मुळाशी, अगदी ताज्या केसात, सत्तरला टेकलेली.

 दादा खुर्ची पुढे ओढून त्या मुलीला म्हणाला, “हे उलटं तर लागलं नाही ना? टोक कुठलं, मूळ कुठलं, तुम्ही बघितलंय का नीट? चुका होतात हो. मी स्वतः केलीय.”

तिनं समजुतीनं दाखवलं. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, ते नेहमी टोकाकडे तोंड करून असतात. पाणीही जुळत होतं. दुसरा केसही तेच म्हणाला. दादाला तिसरा वाचून हवा होता. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

आम्ही गाडीत बसलो. मग मी त्याला विचारलं, आई संध्याकाळी काय करते रे. पाचच्या सुमाराला.

“काही नाही. केस विंचरत बसते.”

“फाटकाशी जात नाही?”

“नाही. फाटकाशी कशाला जाईल? मी आलो की म्हणते, साहेब, हळू बोला, अभय झोपलाय.” तो जरा हसला. “मी तिचा साहेब आहे, अण्णांच्या हापिसातला. मला बसायला खुर्ची देते. अभय आतल्या खोलीत झोपलेला असतो, तो मला अजून भेटलेला नाही.”

म्हणजे त्यालाही ती मिळालेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तरी त्यानं इतक्या महिन्यांत एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा उन्हं पडवीत आली होती. आई फणी घेऊन पायरीवर बसली होती. मी खालच्या पायरीवर, तिच्या पायांशी बसले. तिनं मला न्याहाळलं.

“नव्या साहेबांच्या तुम्ही?”

मी हो म्हटलं. पाच वाजून गेले होते. रस्त्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली. पायाखालची पायरी कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखी वाटली आणि थांबली. मी घाबरून तिचा गुडघा धरला. कोयनेला असे बारीक धक्के बसतात हे ऐकून माहीत होतं. आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

“काही नाही हो. इथे भांडी वाजतातच. नव्या आहात म्हणून. सवय होईल.”

मग ती वाकून माझे केस बघायला लागली. किती कोरडे, म्हणाली, तेल लावत नाही वाटतं. आणि विचारल्याशिवाय तिनं फणी घातली. मी मान खाली घातली. चाळीसेक वर्षांनी ती फणी माझ्या डोक्यातून फिरत होती. गुंता लागला की तोच मुळाशी धरून सोडवण्याचा हात, दुखू नये म्हणून. माझ्या केसांची वेणी काय होणार, मानेपर्यंतच तर आहेत. तरी तिनं तीन पेड काढलेच.

फणीत आलेले केस तिनं बोटाभोवती गुंडाळले आणि डब्यात टाकले. माझे, तिच्यांत. मी विचारलं, हे कशाला साठवता.

“गंगावन करायला,” ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. आत कुणी झोपलेलं होतं ना. “मला मुलगी हवीय. मुलगा आहे, पण आता मुलगी. ह्यांना अजून काही बोलले नाहीये. तिला लागेल ना मोठी झाली की. माझ्या आईचे केस पातळ, तशीच गेली तिच्यावर तर?”

“जाईल तशीच,” मी म्हटलं.

“नावसुद्धा ठरवून ठेवलंय.” ती हसली. असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं; बघणार कशी, मी नव्हतेच. “पण सांगायची नाही तुम्हाला. आधी सांगू नये.”

मी विचारलं नाही.

पैठणला ती रोज संध्याकाळी माझी वाट बघत होती आणि मी येत नव्हते. इथेही ती माझीच वाट बघत होती. पण इथे मला अजून उशीर झालेला नव्हता.

दादा दारात येऊन उभा राहिला होता. किती वेळचा, कोण जाणे. माझ्याकडे बघून त्यानं भुवयांनीच विचारलं, बॅग भरायची का तिची. मी मान हलवली, नाही अशी. त्याच्या डोळ्यांत आधी काही आलं नाही, मग आलं, आणि तो आत गेला. आतून वहिनीच्या आवाजात ऐकू आलं, आता तरी जेवा.

आईनं माझ्या वेणीच्या टोकाला आपल्या पदराचा एक सुटलेला धागा बांधला, ती सुटू नये म्हणून, आणि वेणी मानेवर सोडून म्हणाली,

“येत जा हो अधूनमधून. इथे माझं तसं कुणी नाही बोलायला.”

मी म्हटलं, येईन. लवकरच येईन.